मृत्यूच्या नोंदीत हवेचा उल्लेख का नसतो?

पाणपोई

हवेच्या प्रदूषणामुळे भारतात किती माणसे मरतात याचे आकडे आपण दरवर्षी वाचतो. डिसेंबर 2020 मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार 2019 या एका वर्षात देशातील 16.7 लाख मृत्यू प्रदूषित हवेशी निगडित होते, आणि हे प्रमाण एकूण मृत्यूंच्या 17.8 टक्के होते. त्यात घरातल्या चुलीचा धूरही धरलेला आहे, हे मान्य. तरीही प्रश्न असा आहे की इतके मृत्यू होत असताना माझ्या नात्यागोत्यातील एकाही घरात असा कागद का नाही, ज्यावर मृत्यूला हातभार लावणारी गोष्ट म्हणून हवेचे नाव लिहिलेले आहे?

माझे वडील चेंबूरला राहत होते. विडी-सिगारेटला त्यांनी कधी हात लावला नाही. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन धाप लावणारा फुप्फुसाचा दीर्घकालीन आजार, असल्याचे निदान झाले, पुढे दर हिवाळ्यात धाप वाढत गेली आणि गेल्या वर्षी ते गेले. रुग्णालयाच्या कागदावर ‘तीव्र श्वसन-अपयश’ आणि त्याखाली ‘सीओपीडी’ एवढेच लिहिले होते. डॉक्टरांनी केलेल्या उपचारांबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. परंतु सीओपीडी कशामुळे झाला, हे कोणीही विचारले नाही आणि म्हणून कुठेही लिहिले गेले नाही.

ज्या रुग्णाने आयुष्यभर प्रदूषित परिसरात श्वास घेतला, त्याच्या मृत्यूच्या नोंदीत प्रदूषित हवा हे सहायक कारण म्हणून लिहिले गेलेच पाहिजे, असे माझे मत आहे. येथे वैद्यकीय क्षेत्रातील आणि पालिकेच्या कामाची माहिती असलेले सदस्य आहेत. हे नियमाने शक्य आहे का, आणि शक्य असेल तर ते होत का नाही, हे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

शेवंती

तुमच्या वडिलांना श्रद्धांजली. माझ्या आईचेही असेच झाले. आमच्याकडे मृत्यूचा दाखला आहे, पण त्यावर कारणच लिहिलेले नाही. सगळीकडे असेच असते का?

दप्तरखाना

शेवंतीताई, होय, सगळीकडे असेच असते, आणि ते कायद्याने आहे. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 याच्या कलम 17 प्रमाणे निबंधकाने कोणालाही दिलेल्या उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड करता येत नाही. बँक, विमा आणि वारसाच्या कामासाठी आपण जो दाखला घेऊन फिरतो, त्यावर नाव, तारीख आणि ठिकाण असते, कारण नसते. कारण असते ते मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर. रुग्णालयात मृत्यू झाला तर नमुना 4, आणि घरी झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी भरायचा नमुना 4-अ. माझी बरीच नोकरी एका नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात झाली, म्हणून हे नमुने माझ्या हाताखालून पुष्कळ गेले आहेत.

नमुन्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात मृत्यूचे लगतचे कारण, ते ज्यामुळे झाले ते त्याखाली, आणि मुळाशी असलेला आजार सर्वांत खाली, अशी साखळी लिहायची असते. दुसऱ्या भागात त्या साखळीत थेट न बसणाऱ्या, परंतु मृत्यूला हातभार लावणाऱ्या गोष्टी लिहायच्या असतात. पाणपोई म्हणतात ती नोंद बसवायची तर ती या दुसऱ्या भागात बसेल, आणि तशी लिहिण्यास कायद्याची आडकाठी नाही.

मात्र मूळ अडचण त्याच्या आधीच सुरू होते. 2020 या वर्षी देशात नोंदवल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ 22.5 टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीय प्रमाणपत्राने नोंदलेले होते. महाराष्ट्राची स्थिती देशाच्या सरासरीपेक्षा बरी असते. पण उरलेल्या मृत्यूंमध्ये नातेवाईक जे सांगतील तेच कारण म्हणून लिहिले जाते, म्हणजे ‘वृद्धापकाळ’, ‘दम लागला’ किंवा ‘अल्पशा आजाराने’. जिथे आजाराचेच नाव धड कळत नाही, तिथे हवेचे नाव कुठून येणार?

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती फार थोड्या लोकांना माहीत आहे. 2023 च्या दुरुस्तीनंतर या वैद्यकीय प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे बंधनकारक झाले आहे. ती मागून घ्यावी.

निदान

मी नाशिकमध्ये छातीच्या विकारांचा डॉक्टर म्हणून काम करतो. पाणपोई यांच्या दुःखाविषयी पूर्ण आदर ठेवून मी त्यांच्या मताशी असहमती नोंदवतो.

प्रमाणपत्र भरताना डॉक्टरने त्या एका रुग्णाच्या बाबतीत जे पाहिले, तपासले आणि ज्याची त्याला वाजवी खात्री आहे, तेच लिहायचे असते. फुंकनळीची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून मी सांगू शकतो की श्वासनलिका अरुंद झाल्या आहेत आणि औषधाने त्या पूर्ववत होत नाहीत. परंतु त्या कशामुळे अरुंद झाल्या, हे सांगणारी रक्ताची तपासणी किंवा एक्स-रे अस्तित्वात नाही. धूम्रपान न करणाऱ्या माणसाला सीओपीडी होण्याची अनेक कारणे आहेत. चुलीचा धूर, कामाच्या ठिकाणची धूळ, पूर्वी होऊन गेलेला क्षयरोग, बालपणी वारंवार झालेला न्यूमोनिया, वर्षानुवर्षे नीट उपचार न झालेला दमा आणि शहराची हवा ही त्यांतली काही. पुण्यातील डॉ. संदीप साळवी यांनी 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये याच विषयावर सहलेखकासह विस्तृत लेख लिहिला होता, आणि धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधण्यात त्याचा मोठा वाटा आहे. एकाच रुग्णात यांपैकी तीन-तीन कारणे एकत्र सापडतात. मुंबईत मरण पावलेल्या प्रत्येक सीओपीडीच्या रुग्णाच्या नावापुढे मी हवा लिहू लागलो, तर त्या नोंदीला काही अर्थ उरणार नाही, कारण ती तपासून केलेली नसेल, गृहीत धरलेली असेल.

आमच्या व्यवसायाचा दोष वेगळा आहे आणि तो मी लपवणार नाही. असंख्य नमुन्यांवर ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडली’ असे कारण लिहिलेले असते. ती मरणाची क्रिया आहे, कारण नव्हे. प्रत्येक माणूस मरताना त्याचे हृदय आणि श्वास बंद पडतोच. असे लिहू नये, ही सूचना लेखी स्वरूपात अस्तित्वात असूनही ते लिहिले जाते.

टेम्सकाठ

निदान यांचा मुद्दा सैद्धांतिकदृष्ट्या बरोबर आहे, परंतु एका रुग्णाच्या बाबतीत हवेचा वाटा सिद्ध करणे अशक्य आहे, हा त्यातून निघणारा निष्कर्ष बरोबर नाही. मी लंडनला राहते आणि इथले एक प्रकरण सविस्तर सांगते.

एला अडू-किसी-डेब्रा ही मुलगी दक्षिण-पूर्व लंडनच्या लुइशम भागात, साउथ सर्क्युलर या सतत वाहनांनी भरलेल्या रस्त्यालगत राहत होती. तिला तीव्र दमा होता. तीन वर्षांपेक्षा कमी काळात तिला जवळपास 30 वेळा रुग्णालयात दाखल करावे लागले, आणि फेब्रुवारी 2013 मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, ती गेली. 2014 च्या पहिल्या मृत्युचौकशीत कारण लिहिले गेले ते तीव्र श्वसन-अपयश, म्हणजे पाणपोई यांच्या वडिलांच्या कागदावर आहे तेच. तिची आई रोझमंड यांनी तेवढ्यावर समाधान मानले नाही. साउदॅम्प्टन विद्यापीठातील दमा-तज्ज्ञ प्राध्यापक स्टीफन होलगेट यांनी एलाच्या रुग्णालयातील तारखा आणि घरापासून सुमारे एक मैलावर असलेल्या मापन केंद्रातील नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. त्या अहवालाच्या आधारे 2019 साली उच्च न्यायालयाने पहिला निष्कर्ष रद्द केला, आणि डिसेंबर 2020 मध्ये कॉरोनर, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणारे अधिकारी, फिलिप बारलो यांनी दुसऱ्या चौकशीअंती कारणांची साखळी अशी लिहिली: तीव्र श्वसन-अपयश, त्यामागे तीव्र दमा, त्यामागे हवेच्या प्रदूषणाचा संपर्क. ब्रिटनमध्ये एखाद्या व्यक्तीच्या मृत्यूच्या कारणात हवेच्या प्रदूषणाचे नाव प्रथमच लिहिले गेले.

माझ्या मनात सर्वांत जास्त राहिलेली बाब त्या निष्कर्षातच आहे. प्रदूषणामुळे दमा बळावतो, ही माहिती त्या आईला कोणी दिलीच नव्हती, आणि ती मिळाली असती तर तिने मुलीच्या मृत्यूला टाळू शकतील अशी पावले उचलली असती, असे कॉरोनरने नोंदवले आहे.

निदान

टेम्सकाठ यांनी दिलेले उदाहरण मला ठाऊक होते, आणि ते माझ्याच म्हणण्याला बळ देते असे मला वाटते. तिथे तीन गोष्टी एकत्र आल्या. घराजवळ वर्षानुवर्षे चालणारे मापन केंद्र होते, रुग्णालयाच्या प्रत्येक भेटीची तारीखवार नोंद होती आणि दोन्हींची सांगड घालणारा तज्ज्ञ होता. आपल्याकडे पहिल्या दोहोंपैकी एक तरी नसतेच. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी रुग्णांचे मागचे केसपेपर हरवलेले असतात. पुरावा जमला तर मी लिहीन, आणि तो जमवण्याची सोय आधी झाली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

चांदागड

पुरावा जमवण्याची सोय व्हावी, हे ऐकायला बरे वाटते, पण आम्ही चंद्रपूरचे लोक ती सोय होऊनही काय घडते ते पाहत आलो आहोत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली औद्योगिक क्षेत्रांचा सर्वंकष प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूरला 83.88 गुण मिळाले आणि आमचे शहर देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत अगदी वरच्या क्रमांकांत आले. शहराला लागून 2920 मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे, अवतीभवती कोळशाच्या खाणी आहेत, घुग्गुसच्या बाजूला सिमेंट आणि लोखंडाचे कारखाने आहेत आणि कोळशाचे ट्रक रात्रंदिवस चालतात. राख गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, पाण्याच्या टाकीवर बसते, तुळशीच्या पानांवर बसते. ती छातीत जात नसेल असे मानणारा माणूस आमच्या गावात तरी सापडणार नाही.

मुंबई-पुण्याचे लोक हवेबद्दल हिवाळ्यात बोलतात. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा 46-47 अंशांवर जातो, तेव्हा त्याच धुळीत म्हाताऱ्या माणसांना उष्णता आणि धाप दोन्ही सोसावे लागते. त्यांच्यापैकी एखादा दगावला तर घरचे लोक ‘ऊन लागले’ असे सांगतात. दप्तरखाना यांनी सांगितलेल्या नातेवाइकांच्या कारणांमध्ये हेही धरावे.

सरासरी

मी संख्याशास्त्र शिकवतो. निदान आणि पाणपोई यांच्यातील मतभेद दोन वेगळ्या प्रश्नांमधला आहे असे मला दिसते. ‘या माणसाचा मृत्यू हवेमुळे झाला का’ हा एक प्रश्न, आणि ‘या शहरातील किती मृत्यू हवेमुळे झाले’ हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर पहिल्याचे उत्तर न मिळताही देता येते.

5 ते 9 डिसेंबर 1952 या पाच दिवसांत लंडनवर जे धुरके बसले, त्यात मरण पावलेल्यांच्या कागदांवर ब्राँकायटिस, न्यूमोनिया आणि हृदयविकार असेच लिहिलेले होते. धुरक्याचा हात उघडा पडला तो आठवड्याच्या मृत्यूंची संख्या नेहमीच्या संख्येशी ताडून पाहिल्यावर. त्या वेळी सुमारे 4,000 जादा मृत्यू मोजले गेले, आणि पुढच्या काही महिन्यांतले मृत्यूही धरून नंतरच्या संशोधकांनी तो अंदाज सुमारे 12,000 वर नेला. नंतरच्या महिन्यांतल्या मृत्यूंचे खापर सरकारने तेव्हा इन्फ्लुएन्झावर फोडले होते. 1956 चा स्वच्छ हवा कायदा या मोजणीनंतर आला.

भारतातही अशी मोजणी झालेली आहे. जुलै 2024 मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये दहा शहरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुंबई आणि पुणे होते, तसेच दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळूरु, हैदराबाद, अहमदाबाद, वाराणसी आणि शिमला. 2008 ते 2019 या काळातील सुमारे 36 लाख मृत्यू पालिकांच्या नोंदींतून घेऊन, कोणत्या आजाराने मृत्यू झाला याची विभागणी न करता, रोजच्या मृत्यूंची संख्या आणि रोजची हवा यांचा संबंध तपासला गेला. या शहरांतील 7.2 टक्के मृत्यू, म्हणजे वर्षाला सुमारे 33,000, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या पीएम 2.5, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या अतिसूक्ष्म, कणांच्या अल्पकालीन संपर्काशी निगडित आढळले. मुंबईचा वाटा वर्षाला सुमारे 5,100 आणि पुण्याचा सुमारे 1,400 होता.

याहून गंभीर निष्कर्ष पुढे आहे. कणांचे प्रमाण घनमीटरमागे 10 मायक्रोग्रॅमने वाढले की रोजचे मृत्यू 1.42 टक्क्यांनी वाढतात, असे सर्व दिवस धरून दिसले. परंतु भारतीय मानकाच्या आतले, म्हणजे 60 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असलेले दिवस वेगळे काढल्यावर हीच वाढ जवळपास दुप्पट झाली. आपले मानक 24 तासांसाठी 60 आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ते 15 वर आणले आहे. वार्षिक सरासरीचे आपले मानक 40, त्यांचे 5. आपण ज्या दिवसांना ठीक म्हणतो, त्या दिवसांतही माणसे मरत आहेत.

उत्तररात्र

मग हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) ‘मध्यम’ दाखवत असेल त्या दिवशी दमा असलेल्या मुलाला मैदानावर पाठवावे की नाही?

निदान

‘मध्यम’ म्हणजे 101 ते 200. दमा, फुप्फुसाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांना त्या पातळीला श्वासाचा त्रास होऊ शकतो, असे त्या वर्गाच्या अधिकृत वर्णनातच लिहिलेले आहे. मुलाला खेळू द्यावे, परंतु रहदारीच्या रस्त्यालगतचे मैदान टाळावे, डॉक्टरांनी ठरवून दिलेला पंप नियमित द्यावा आणि धाप लागताच घ्यायचा सुटकेचा पंप खिशात असू द्यावा. पंपाची सवय लागते या समजुतीने तो बंद करणारे पालक मला दर आठवड्याला भेटतात, आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी पुष्कळ मृत्यू अशा बंद केलेल्या औषधांमुळे होतात. हवा बदलणे तुमच्या हातात नसेल, पंप तुमच्या हातात आहे.

ओसरी

शहराच्या हवेवर एवढी चर्चा चालली आहे, म्हणून घरातल्या हवेकडेही लक्ष वेधते. मच्छर पळवण्याची एक अगरबत्ती, म्हणजे कॉइल, पूर्ण जळेपर्यंत 75 ते 137 सिगारेटींएवढे सूक्ष्म कण बाहेर टाकते, हे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मोजलेले आहे. दारे-खिडक्या बंद करून, तान्ह्या बाळाच्या उशाशी ती रात्रभर लावणारी कितीतरी घरे मी पाहिली आहेत. बाहेरच्या धुराला दोष देण्याआधी ही एक गोष्ट आज रात्रीच बंद करता येईल.

चांदागड

ओसरीताई, कॉइल बंद करावी हे मान्य. पण ज्यांच्या वस्तीत नाला उघडा आहे त्यांना डेंग्यू आणि धूर यांतून एक निवडावे लागते. आणि ‘आधी आपले घर सुधारा’ हे वाक्य कारखान्यांच्या बाजूने आम्हाला इतक्या वेळा ऐकवले गेले आहे की ते ऐकले की मन विटते. दोन्ही धूर बंद झाले पाहिजेत, पण एक माझ्या हातात आहे आणि दुसरा नाही, एवढा फरक तरी मान्य व्हावा.

ओसरी

फरक मान्य आहे. माझा रोख तुमच्याकडे नव्हता. घरात आणि बाहेर एकाच वेळी राहणारा माणूस एकच असतो, म्हणून मी ते लिहिले. मुंबईतील पावाच्या भट्ट्यांचेच पाहा. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्यांना आणि तंदूर भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. त्या भट्टीचा धूर आजूबाजूच्या चाळींच्या खिडक्यांतून आत जातो आणि भट्टीसमोर उभ्या असलेल्या कामगाराच्या छातीत तर सर्वांत आधी जातो. घर, कामाची जागा आणि शहर यांच्यामधली भिंत धुराला कळत नाही.

विटकाम

कामगारांचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी मुंबईत इमारतींच्या बांधकामावर स्थापत्य अभियंता आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये पालिकेने धुळीबाबत नियमावली काढली: 70 मीटरपेक्षा उंच इमारतीच्या बांधकामाभोवती 35 फुटांचे पत्रे, हिरवे किंवा तागाचे आच्छादन, पाण्याची फवारणी, राडारोडा झाकून नेणे, ट्रकची चाके धुणे. नियम चांगले आहेत. काही ठिकाणी ते मनापासून पाळले जातात आणि काही ठिकाणी पाहणीच्या दिवसापुरते. पण 35 फुटांचा पत्रा रस्त्यावरच्या माणसाला वाचवतो. पत्र्याच्या आतल्या माणसाचे काय? ग्राइंडरने काँक्रीट कापणारा, पुट्टी घासणारा आणि कोरडे सिमेंट ओतणारा मजूर तोंडाला गमछा बांधून काम करतो, आणि गमछ्यातून सूक्ष्म कण आरपार जातात. त्यांतले अनेक जण साइटवरच राहतात, म्हणजे रात्रीची झोपही त्याच धुळीत.

आणि या धाग्याशी थेट संबंध असलेली गोष्ट अशी, की हा मजूर मुंबईत मरत नाही. धाप लागू लागली, वजन उचलेना झाले, की मुकादम त्याला गावाकडे पाठवतो. तो झारखंडला, बिहारला किंवा आपल्याच मराठवाड्यात जातो आणि तिथे मरतो. त्याची नोंद झालीच तर स्वच्छ हवेच्या गावात होते. सरासरी यांनी सांगितलेल्या मुंबईच्या 5,100 मध्ये तो नाही.

सरासरी

विटकाम यांचा मुद्दा अत्यंत महत्त्वाचा आहे आणि मी त्याचा या अंगाने विचार केला नव्हता. रोजच्या हवेचा रोजच्या मृत्यूंवर होणारा परिणाम मोजणाऱ्या अभ्यासात दीर्घकाळाचा संपर्क येतच नाही, आणि शहर सोडून गेलेला माणूस तर मुळीच येत नाही. दीर्घकाळाचा परिणाम पाहायचा तर ठरावीक माणसांच्या मागे वर्षानुवर्षे राहावे लागते. अमेरिकेत सहा शहरांतील आठ हजारांहून अधिक प्रौढांचा असा पाठपुरावा झाला आणि 1993 साली त्याचे निष्कर्ष आले. धूम्रपानासारखे घटक वजा केल्यावरही सर्वांत प्रदूषित शहरातील मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहराच्या तुलनेत 26 टक्क्यांनी जास्त होता.

यमुनातीर

दिल्लीत राहणारी मराठी व्यक्ती म्हणून दोन गोष्टी नोंदवते. दहा शहरांच्या त्याच अभ्यासात दिल्लीतील प्रमाण सर्वाधिक, म्हणजे 11.5 टक्के आहे. तरीही संसदेत या विषयावर प्रश्न आला की केवळ हवेच्या प्रदूषणामुळेच मृत्यू झाल्याचे थेट नाते सिद्ध करणारी निर्णायक माहिती उपलब्ध नाही, या आशयाचे उत्तर वेगवेगळ्या वर्षांत पुन्हा पुन्हा दिले गेले आहे. ‘केवळ’ हा शब्द घातला की कोणत्याही आजाराबद्दल असेच म्हणता येते. उच्च रक्तदाबाबद्दलही म्हणता येईल, परंतु त्यासाठी कोणी असा निकष लावत नाही. म्हणून पाणपोई मागत आहेत ती नोंद मला भावनिक वाटत नाही. नोंद नाही म्हणून माहिती नाही, आणि माहिती नाही म्हणून जबाबदारी नाही, असे हे चालले आहे.

दुसरी गोष्ट निधीची. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी 2019 मध्ये सुरू झाला. सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट) या संस्थेच्या 2024 च्या आढाव्यानुसार खर्च झालेल्या निधीपैकी 64 टक्के निधी रस्त्यावरची धूळ कमी करण्यावर गेला आणि उद्योगांच्या धुरावर एक टक्काही नाही. शहरांची प्रगती मुख्यतः पीएम 10 वर, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांवर, मोजली जाते, त्यामुळे झाडू मारणारी यंत्रे आणि पाण्याचे फवारे यांवर भर दिला जातो. फुप्फुसाच्या तळापर्यंत आणि तिथून रक्तात जाणारे कण मात्र बहुतांशी जळण्यातून येतात.

दप्तरखाना

पाणपोई यांच्या मूळ प्रश्नावर परत येतो, कारण माझ्या पहिल्या उत्तरात एक गोष्ट राहिली होती. समजा डॉक्टरांनी नमुना 4 च्या दुसऱ्या भागात ‘हवेच्या प्रदूषणाचा संपर्क’ असे लिहिले, तरी पुढे काय होते? आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत त्यासाठी झेड 58.1 हा संकेतांक आहे. परंतु वार्षिक तक्ते तयार होतात ते मुळाशी असलेल्या एका कारणावरून. सीओपीडी असेल तर तो मृत्यू जे 44 मध्ये मोजला जातो, आणि दुसऱ्या भागातील मजकूर त्या कागदावरच राहतो. म्हणून निव्वळ डॉक्टरांनी लिहिणे पुरेसे नाही. दुसऱ्या भागाचेही संकेतांकन व्हावे आणि तो तक्ता वेगळा प्रसिद्ध व्हावा, अशी मागणी करावी लागेल.

निबंधकाकडे मृताचे वय, पत्ता, तारीख आणि कारण या चारही गोष्टी असतात. प्रदूषण मंडळाकडे प्रत्येक केंद्राची रोजची हवा असते. या दोन दप्तरांना एकमेकांची ओळख नाही. ती करून द्यायला नवा कायदा लागत नाही. नावे वगळून, प्रभागवार आणि महिनावार तक्ता दिला तरी पुष्कळ काम होईल.

पाणपोई

सर्वांचे मनापासून आभार. निदान यांचा आक्षेप मला पटला आहे, पण अर्धाच. पुराव्याशिवाय लिहू नये हे ठीक, परंतु पुरावा गोळा करण्याची वेळ रुग्ण जिवंत असताना असते, आणि तेव्हा प्रश्न विचारणे हे डॉक्टरांचेच काम आहे. वडिलांना सिगारेट ओढता का, हे प्रत्येक भेटीत विचारले गेले. ‘कुठे राहता, किती वर्षे, रस्ता किती दूर, आसपास काय जळते’ हे एकदाही विचारले गेले नाही. केसपेपरवर पत्ता असतो, पण तो बिलासाठी असतो.

निदान

हे म्हणणे मी पूर्णपणे मान्य करतो. व्यवसायाने कोणते काम केले हे आम्ही काही अंशी विचारतो, राहण्याचा इतिहास मात्र विचारत नाही. विचारायला दोन मिनिटेही लागत नाहीत. कोणत्या वस्तीत किती वर्षे, मोठा रस्ता, भट्टी, कारखाना किंवा कचराभूमी किती अंतरावर, स्वयंपाकाचे इंधन कोणते, आणि त्रास कोणत्या महिन्यांत वाढतो, एवढे पहिल्याच भेटीत लिहिले गेले तर पुढे होलगेट यांच्यासारखी मांडणी करण्याची शक्यता तरी उरते. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी धाप वाढलेल्या तारखा, नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारे यंत्र) लावल्याच्या तारखा आणि रुग्णालयात दाखल केल्याच्या तारखा एका वहीत लिहून ठेवाव्यात, आणि भेटीला येताना ती वही आणावी. अशी वही समोर आली तर दुसऱ्या भागात काय लिहायचे, याचा मी गांभीर्याने विचार करीन.

शेवंती

आमच्या गावात मापन केंद्रच नाही. हल्ली काही हजारांत मिळणारे छोटे यंत्र घरात लावून रोजचा आकडा वहीत लिहिला, तर तो पुरावा म्हणून चालेल का?

सरासरी

शेवंतीताई, काही अटींसह त्याचा उपयोग होतो. ही यंत्रे प्रकाशाच्या विखुरण्यावरून कण मोजतात. हवेत ओलावा जास्त असला की कण पाणी धरून फुगतात आणि यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते, म्हणून पावसाळ्यातील आकड्यांवर विसंबू नये. शक्य असल्यास आधी काही दिवस ते जवळच्या शहरातील अधिकृत केंद्राशेजारी ठेवून दोन्ही आकडे ताडून पाहावेत आणि फरक लिहून ठेवावा. नंतर यंत्राची जागा बदलू नये, ते स्वयंपाकघरापासून दूर पण पावसात न भिजणाऱ्या खिडकीत ठेवावे, आणि वाऱ्याची दिशा किंवा शेजारी काही जळत असेल तर तेही टिपावे. कायद्याच्या दृष्टीने असा आकडा अधिकृत केंद्राची जागा घेणार नाही, पण कोणत्या दिवशी हवा बिघडली हे तो सांगू शकतो, आणि केंद्र मागण्यासाठी प्रदूषण मंडळाला द्यायच्या अर्जाला तो जोडता येतो. अर्जाचा मसुदा करायला मी मदत करीन, मला व्यक्तिगत निरोप पाठवा.